पुंजारामचे पाय

पुंजारामच्या डाव्या पायाची जखम भरत नाही, कारण तो ती भरू देत नाही. हे कळून मला बरेच दिवस झाले. तरी बाळ झोपलं आणि घर गप्प झालं की ते मला पुन्हा नव्यानं कळतं. खिडकीतून टाकीची भिंत दिसते. भिंतीपलीकडून पाण्यावर तोंडं उघडल्याचे बारीक आवाज येत राहतात. मागूर हा मासा वर येऊन हवा पितो, हा आवाज त्याचाच. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आहे, मला हे ठाऊक आहे. ठाऊक असल्यानं आवाज कमी होत नाही.

पुंजारामबद्दल कुणी कधी काही लिहील असं वाटत नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे. झोप तशीही येणार नाही.

आमचं मत्स्यबीज केंद्र पुणतांब्याच्या बाहेर, गोदावरीच्या काठाला आहे. केंद्र म्हणजे सिमेंटच्या दोन टाक्या, एक पत्र्याची शेड, फोन असलेली कचेरीची खोली आणि आमचं दोन खोल्यांचं घर. माझे यजमान इथले प्रमुख. त्यांच्या हाताखाली माणसं म्हणावीत तर दोन. बहात्तर साली पावसानं तोंड फिरवलं आणि एक टाकी कोरडीच राहिली. दुसरीत थोडं पाणी धरून ह्यांनी मागूरची पिल्लं मागवली. मागूरला थोडं, गढूळ पाणीही चालतं. दुष्काळी मुलखात शेतकऱ्याला आडातसुद्धा हा मासा पाळता येईल, असं ह्यांच्या मनात होतं. कुठल्या खाण्यावर पिल्लं कशी वाढतात ते आधी बघायचं होतं. "वाढ ही खाण्याची गोष्ट आहे," हे मला सांगत. मी तेव्हा नुकतीच बाळंत झाले होते आणि मला दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

पिल्लं बंगालहून आगगाडीनं आली, पत्र्याच्या डब्यांत पाणी भरून. डबे उतरवायला हे स्टेशनात गेले, तेव्हा फलाटावर पुंजाराम पडलेला होता. पाथर्डीच्या पलीकडचा माणूस. बाजरी उगवलीच नाही म्हणून गावातली माणसं कोल्हारकडे काम बघायला निघाली होती. ह्याला वाटेत ताप भरला. बायको लंकाबाई आणि भाऊ पुढे गेले, कारण थांबून तिघांनाही काम मिळालं नसतं. त्यानं त्यांना स्वतःच पुढे पाठवलं. अंगावर घोंगडी, गळ्यात तुळशीची माळ, आणि पाय अनवाणी.

हमाल मिळेना, तेव्हा तापातच उठून त्यानं एक डबा डोक्यावर घेतला.

"काय हाय ह्यात, साहेब?"

"मासे."

"जिते?"

"जिवंत आहेत, हो."

हे सांगतात, त्यानं डबा लगेच डोक्यावरून उतरवला आणि छातीशी धरला. जिता जीव ओझ्यासारखा वाहायचा नसतो म्हणाला. स्टेशनपासून इथपर्यंत तो तसाच चालत आला, मूल कडेवर घेतल्यासारखा, आणि मग परत गेलाच नाही.

काम त्याला मिळालं ते राखणीचं आणि पाणी बदलायचं. टाकीत पाणी सोडताना हळू सोडायचा, पिल्लं बिचकू नयेत म्हणून. म्हशीलाही तो 'तुमी' म्हणे. मुंग्यांची रांग दिसली की वळसा घालून जाई. एकदा केशरबाई त्याला म्हणाली, "बुवा, तुमी असंच चालत राह्यला तर घरापासून टाकीपर्यंत जायला तुमाला म्हयना लागंल." केशरबाई म्हणजे आमच्याकडे धुणंभांडी करायला येणारी, इथलीच, तोंडाची तिखट. पुंजाराम म्हणाला, "घाई कुनाला हाय?" आणि खरंच वळसा घालून गेला.

त्याचे पाय बघण्यासारखे होते. आयुष्यात वहाण घातली नव्हती. टाचांना अशा भेगा की त्यात पावलीचं नाणं उभं राहील. रात्री चुलीशी बसून तो मेण तापवायचा आणि भेगांत भरायचा. ते करताना त्याचं तोंड अगदी शांत असे, एखादी बाई वाती वळते तसं.

माशांना खाणं घालायचं काम त्याचं नव्हतं. ते भोईवाड्यातला मच्छिंद्र करी. सुक्या मासळीची पूड, शेंगदाण्याची पेंड, कोंडा, सगळं भिजवून त्याचे गोळे टाकायचे. पूड मुंबईहून पोत्यांतून येई आणि मच्छिंद्र फाटकातून आत आला की वास त्याच्या आधी घरात येई. मग मच्छिंद्र पैठणच्या धरणावर कामाला निघून गेला. ह्यांनी पुंजारामला बोलावून मिश्रण कसं करायचं ते सांगितलं. त्यानं मान हलवली. माळकऱ्याला आपण काय सांगतो आहोत हे ह्यांच्या लक्षात आलं नाही, आणि त्यानं आणून दिलं नाही.

दिवाळीनंतर मासे कमी व्हायला लागले.

मेलेला एकही वर आला नाही. तळ खरवडला तर काटा नाही, खवला नाही. मागूरला खवले नसतातच म्हणा. टाकीवर जाळी होती, टाकीभोवतीच्या भिंतीच्या दाराला कुलूप होतं. हे चिडले, मग काळजीत पडले. अंगणात भांडी घासता घासता केशरबाईनं मला विचारलं,

"वहिनी, मासं मेलं की वर येतंय का न्हाई?"

"येतं."

"मग एक तरी आलं का? बगळा न्हाई, मांजर न्हाई. गेलं कुठं?"

"तूच सांग."

"आता मलाच इचारा! कालिजात तुमी गेलता, मी गवऱ्या थापल्या." तिनं पातेलं उपडं घातलं आणि आवाज खाली आणला. "गंगा आटली. डोहात गुडघाभर पानी राह्यलं न्हाई. आसरांनी जावं कुठं? पानी जिथं, तिथं त्या."

गोदावरीला इथं गंगाच म्हणतात. आसरा म्हणजे डोहात राहणाऱ्या सातजणी. काठावर त्यांचे शेंदूर फासलेले दगड आहेत. बाळंतिणीनं तिन्हीसांजेला तिकडे जायचं नाही, हे मला आल्या दिवशीच बजावलेलं होतं.

शेडमधून पुंजारामचा आवाज आला. "केशरबाई, नाव घिऊ नका."

"का ओ बुवा? सोयरीक हाय का काय तुमची त्यांच्यासंगं?"

"सोयरीक न्हाई. पर ऐकत्यात."

त्यानंतर त्यानं टाकीच्या कोपऱ्यावर हळदकुंकू वाहायला सुरुवात केली. हिरव्या बांगड्या ठेवल्या, त्या कुठून आणल्या कोण जाणे. आपल्या भाकरीतली अर्धी तो काठावर ठेवी. सकाळी ती नसे. कावळे नेतात, असं मी स्वतःला सांगितलं. तो बारीक होत चालला होता. आणि माझं बाळही अंग धरत नव्हतं. माझं दूध पुरत नव्हतं, वरचं पचत नव्हतं. दवाखान्याच्या काट्यावर त्याला ठेवलं की काटा तिथल्या तिथेच. पाणी भरायला आला की पुंजाराम दारात थांबून विचारी, "काय खाल्लं आज बाळानं?" मी सांगितलं की तो मान हलवी, जणू त्याच्या मनात कुठल्या तरी दोन गोष्टींची तुलना चाललेली असे.

संक्रांतीनंतर हे प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले. बराच काळ परत येणार नव्हते. टाकीवर लक्ष ठेव म्हणाले.

एका सकाळी दूध उतू जात होतं, बाळ रडत होतं, आणि पुंजाराम बादल्या घेऊन दारात आला. "द्या हिकडं," म्हणून त्यानं हात पुढे केले. मी कचरत बाळ दिलं. मच्छिंद्रचे हात साबणानं धुतले तरी वास जात नसे, आणि हा तर आत्ताच माशांना खाणं घालून आलेला. बाळ परत घेतलं, दुपट्याला नाक लावलं. मासळीचा वास नव्हता. तेलघाण्यावर येतो तसा गोडसर वास होता, नुसत्या पेंडीचा.

"पुंजाराम, मासळीची पूड संपली का?"

"न्हाई, बाईसाहेब."

"मग पोती कुठायत?"

तो बाळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गंगेत."

"गंगेत?"

"ती राखच की ओ. किती जीवांची कुनाला ठावं. वाळवलं, कुटलं, पोत्यात भरलं. कुनी नाव घेतलं न्हाई, पानी पाजलं न्हाई. घाटावर लोकं कुठनं कुठनं आपल्या मानसाची राख घिऊन येत्यात. गंगा हितंच हाय, मग ह्यांनीच काय घोडं मारलं?"

पहाटे उठून तो एकेक पोतं खांद्यावर घेऊन घाटावर जात असे. ओंजळी ओंजळीनं पूड सोडायची, बुडी मारायला पाणी नसे म्हणून तांब्यानं अंगावर घ्यायचं, आणि परत यायचं. सगळी पोती त्यानं अशी पोहोचवली होती.

"आणि माशांना?"

"पेंड. कोंडा. दुप्पट घालतो. उपाशी न्हाई ठिवलं एकदा बी." माळेवर हात ठेवून तो म्हणाला, "ही गळ्यात घालून म्या मासं कसं कालवू? ह्यांना बी शाकाहारावर आनलं म्हना. सरकारी असले म्हनून काय झालं?"

मला हसू आलं. आता मासे का कमी होतायत ते मला दिसायला लागलं होतं आणि मला नुसतं हलकं वाटत होतं. तो मात्र हसला नाही.

"साहेबांना सांगू नका. चोरी केली म्हनतील. म्या चोर न्हाई."

"नाही सांगत."

"लेकराच्या डोक्यावर हात ठिवून म्हना."

मी शिकलेली आहे. मी हात ठेवला आणि म्हटलं. टाळू अजून भरलेली नव्हती; तळहाताखाली ती उडत होती.

त्याच दिवशी मी पदर खोचला, केशरबाईला हाताशी घेतलं आणि टाकीत जाळं ओढायला लावलं. एक टोक पुंजारामनं धरलं. जाळं वर आलं तेव्हा त्यात बारकी पिल्लं होती, आली तेव्हा होती तेवढीच, डोकं मोठं आणि शरीर दोऱ्यासारखं. त्यांच्यात काही मासे होते वीतवीतभर, काळे, गुबगुबीत, मिशा हलवणारे. एकाच दिवशी एकाच डब्यातून आलेले. एका मोठ्याच्या तोंडातून शेपटी बाहेर होती. ती हलत होती.

"ह्या बघ तुझ्या आसरा," मी केशरबाईला म्हटलं.

ती तोंडावर पदर घेऊन मागे सरकली. मी समजावून सांगायला लागले. कॉलेज सुटल्यापासून असं कुणाला काही समजावून सांगितलं नव्हतं, त्यामुळे मला जोर चढला. मागूर मूळचा मांस खाणारा. पेंडीनं त्याचं पोट भरतं, पण वाढीच्या वयात अंगाला जे लागतं ते मिळत नाही, म्हणून बहुतेक पिल्लं खुंटतात. एखादं जरासं मोठं निपजतं. मग त्याला शेजारचं पिल्लू अन्न दिसायला लागतं. एक खाल्लं की ते आणखी वाढतं, आणि वाढलं की त्याच्या तोंडात आणखी मोठं पिल्लू मावतं. भूतबीत काही नाही. खाणं चुकलं, एवढंच.

पुंजाराम जाळ्याचं टोक धरून खाली बसला होता.

"आगगाडीतनं आले तवा किती हुते, बाईसाहेब?"

"हजारांनी होते."

"आन आता?"

जाळ्यात दिसतच होतं.

"म्या म्हनत हुतो, माझ्या हातनं येक जीव जाया नगं." तो शेपटीकडे बघत होता. ती थांबली होती. "आसरा असत्या तर बरं झालं असतं."

त्यानं जाळं हळू पाण्यात सोडलं आणि शेडमध्ये गेला. काठावरच्या हिरव्या बांगड्या त्यानं त्या संध्याकाळी काढून घेतल्या.

मी मुंबईला कळवून पुडीचं नवं पोतं मागवलं. केशरबाई खाणं घालायला तयार झाली. "माझ्या गळ्यात काय माळ न्हाई," ती म्हणाली, "आन माझ्या नाकाला सवय हाय." मला वाटलं, झालं, मिटलं.

दोनचार दिवसांनी दुपारी मी टाकीकडे गेले तर पुंजाराम आतल्या पायरीवर बसला होता, डोळे मिटून, पाय पाण्यात. घोट्याभोवतीचं पाणी काळं आणि दाट दिसत होतं. मी हाक मारली. त्यानं पाय वर उचलले. काळं पाणी म्हणजे मासे होते. दोन-तीन टाचेला तोंड लावून तसेच वर आले आणि मग गळून पडले.

"भेगा साफ करत्यात," तो म्हणाला आणि हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

टाचांतलं मेण नव्हतं, जुनं कातडं नव्हतं. आयुष्यभर अनवाणी चाललेल्या माणसाच्या टाचा माझ्या बाळाच्या टाचांसारख्या गुलाबी झाल्या होत्या.

मी काही केलं नाही. मेलेलं कातडं मासे खातात, त्यात धोका नाही, असं मी मनाशी म्हटलं. मग कातडं संपलं. डाव्या पायाच्या कडेला जखम दिसली, स्वच्छ, गोल, कडा नीट असलेली. मी पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी पट्टी नव्हती. पुन्हा बांधली, पुन्हा नव्हती. शेडमध्ये त्याच्या उशाशी खुरपं होतं, घासून लख्ख केलेलं, आणि पुंजाराम गवत कापत नाही.

केशरबाई पुडीचे गोळे टाकी, तर मासे येत नसत. गोळे तरंगत, मग विरघळून खाली बसत. मासे सगळे त्या एका कोपऱ्यात, पायरीपाशी, तोंडं वर करून. पुंजाराम शेडमधून निघाला की तो भिंतीपलीकडे असतानाच त्या कोपऱ्यातलं पाणी फुटायला लागे. जमिनीतून हादरे जातात, माशांना ते कळतात, हे मला माहीत आहे. म्हणून एकदा मी चपला काढून त्याच वाटेनं, त्याच्यासारखीच सावकाश चालत गेले. पाणी हललं नाही.

एका सकाळी शेडच्या उंबऱ्यावर मागूर सापडला, जिवंत, पुंजारामच्या अंथरुणाच्या पायथ्याकडे तोंड केलेला. पाणी भरताना सांडलेल्या ओलीवरून तो टाकीच्या मोरीतून इथवर सरपटत आला होता. मागूर असा ओल्यावरून चालतो, हे पुस्तकात आहे. पुंजारामनं तो ओंजळीत उचलून परत नेऊन सोडला.

आणि पिल्लं वाढली. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण वाढली. दोऱ्यासारखी होती ती भरली, मोठी होती ती थांबल्यासारखी झाली. "समदी सारखी दिसाय लागली," केशरबाई म्हणाली, "एका आईची." रात्री ती तळाशी बसलेली पूड खात असणार. एका माणसाच्या पायावर एवढे मासे वाढत नाहीत, ते शक्यच नाही. मी हे केशरबाईला पटवून सांगितलं. ती म्हणाली, "व्हय, वहिनी," आणि टाकीकडे पाठ करून बसली.

शेवटी मी त्याला समोर बसवून विचारलं.

"हे काय चालवलंय, पुंजाराम?"

"त्यांना लागतं ते देतोय. तुमीच सांगितलं, पेंडीवर त्यांचं भागत न्हाई."

"पुडीचं पोतं आलंय की."

"ते दुसऱ्याचं. मेलेल्याचं." बाळ माझ्या मांडीवर पीत होतं. त्यानं नजर बाजूला ठेवून त्याच्याकडे बोट केलं. "ह्यो काय पितोय? तुमच्या अंगातलंच न्हवं? तुमी कुनाला मारून न्हाई पाजत त्याला. सोताचं देता. म्या बी सोताचं देतो. ह्यात कुनाचा जीव जात न्हाई."

"तुमचा जाईल."

"तुमचा जातोय का?"

पायाची जखम चिघळते, रक्तात विष जातं, हे मी सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. सासरी गेलेली मुलगी काळजी करते तेव्हा बाप ऐकून घेतो तसं.

मी टाकीचं कुलूप बदललं आणि किल्ली पदराला बांधली. सकाळी दार उघडलं तर तो आतच बसलेला, पायरीवर. मी कुलूप लावलं तेव्हा तो आतच होता. "कुलूप लावताना आत बघायचं असतं ओ वहिनी," केशरबाई म्हणाली, पण तिच्या आवाजात नेहमीचा चावा नव्हता.

मधल्या काळात एक गोष्ट झाली, ती मी कुणाशी बोलले नाही. शपथ घेतली त्याच आठवड्यात मी बाळाला मुगाचं पाणी आणि नाचणीची लापशी सुरू केली होती. बाळानं अंग धरायला सुरुवात केली. दवाखान्यातला कंपाउंडर आसाराम काटा दाखवून म्हणाला, "बघा, पठ्ठ्या वाढायला लागला." नाचणीनं वाढलं. मला विचाराल तर मी शंभरदा तेच सांगेन. पण वाढायला लागलं ते शपथेनंतर.

आज दुपारी पुंजारामला उभं राहता आलं नाही. मी आसारामला घरी बोलावून आणलं. पाय घोट्यापासून सुजला होता, काळसर पडला होता, आणि जखमेपासून एक तांबडी रेघ पिंढरीवरून वर गेलेली. जांघेत अवधाणाची गाठ आली होती. आसाराम एरवी सगळ्यांची चेष्टा करतो. आज त्यानं बाहेर येऊन हात धुतले, पुन्हा धुतले.

"बाई, उद्याच्या उद्या नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्या. पाय तर बहुतेक जाईलच. उशीर केला तर पायावर भागायचं नाही."

"गाडीनं नेऊ या. तुम्ही येता बरोबर?"

"मी येतो. पण तो कुठं येतोय?"

आम्ही आत गेलो. पुंजाराम तापानं फुललेला होता, पण शुद्धीवर होता. येणार नाही म्हणाला. "म्या गेलो तर त्ये परत एकमेकाला खातील. टाकी हाय तवर म्या हितनं हालत न्हाई." आसारामनं त्याला उचलायला हात घातला, तर त्यानं खांब धरला आणि असा ओरडला की बाळ घरात जागं झालं. नंतर लगेच माझ्याकडे बघून हळू म्हणाला, "साहेबांना कळवू नका, बाईसाहेब. तुमी आन घेतलीया."

संध्याकाळी केशरबाई आणि मी त्याला खाटेवर बांधूनही बघितलं असतं, पण बांधून आगगाडीत कोण चढवू देणार? आणि बांधून नेला तरी तो तिथून उठून रांगत परत येईल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो जायला हवा असेल तर आधी टाकी जायला हवी. टाकी रिकामी करणं माझ्या हातात नाही. मासे सरकारी, आणि सोडायला नदीत पाणी नाही. ह्यांनी नगरच्या मत्स्य कचेरीत एक शब्द टाकला तर तिथलं वाहन येईल, मासे दुसऱ्या केंद्रावर नेता येतील. मासे नीट नेले हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तर त्याच वाहनात तोही बसेल.

पण ह्यांना सांगायचं काय? नुसता आजारी आहे म्हटलं, तर हे म्हणतील आसारामबरोबर गाडीनं धाडून दे. पिल्लं चांगली वाढतायत असं मीच त्यांना कळवलं आहे; अशी टाकी हे कशासाठी मोडतील? मग पोत्यांचं सांगावं लागेल, गंगेचं सांगावं लागेल, पायांचं सांगावं लागेल. पुंजारामचं काम जाईल. एका पायानं तो पाथर्डीकडच्या त्या कोरड्या गावात परत जाईल, किंवा लंकाबाईला शोधत कोल्हारला. सरकारी माल नेऊन नदीत टाकला म्हणून चौकशीही लागेल कदाचित. आणि ज्या माणसानं मुंगीला वळसा घातला, त्याच्या नावापुढे चोर लिहिलं जाईल.

हे सगळं खरं आहे, आणि हे सगळं मला थांबवत नाही. मला थांबवतंय ते पाळण्यात झोपलेलं आहे. आत्ता उठून मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून आले. टाळू बरीच भरली आहे. मी बी.एस्सी. आहे. तळहात ठेवून बोललेल्या चार शब्दांनी मुलाचं वजन वाढत नाही आणि ते मोडल्यानं घटत नाही. नाचणी, मूग, आणि माझं स्वतःचं जेवण. बाकी काही नाही. हे मी आत्ताच तीनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

बाहेर ते आवाज चालूच आहेत. आज ते पायरीच्या कोपऱ्यातून येत नाहीत. शेडच्या बाजूच्या भिंतीशी येत आहेत, जिथं पलीकडे शेडमध्ये त्याची खाट आहे. तो उठू शकत नाही म्हणून ते तिकडे गेले आहेत.

पोस्टातलं एक्स्चेंज रात्री बंद असतं, नाहीतर मी आत्ताच उठले असते. उजाडून ते उघडलं की कचेरीत जाऊन पुण्याचा नंबर मागणार आहे, अर्जंट. पहिलं वाक्य ठरवलं आहे: "टाकी आज रिकामी करायला सांगा, कारण मग सांगते." आणि मग कारण सांगणार आहे, पोत्यांपासून सगळं, आणि हेही, की तो चोर नाही. बाळाला तेवढा वेळ केशरबाईकडे देईन आणि तिला सांगेन, त्याला घेऊन लांब जा, माझा आवाज ऐकू येणार नाही इतकी लांब. पण फोन करीन.